कामगार रविवार आखताना : आधी हिशोब, मग हार

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळकडच्या खेड्यातली मंडळी, सत्तर-ऐंशी माणसं. निम्म्याहून जास्त शेतमजूर, काही कास्तकार, दोन-चार शिक्षक आणि दवाखान्यातल्या सिस्टर. १ मेच्या जवळच्या रविवारी कामकऱ्यांचा सन्मान करणारी आणि मजुरीच्या न्यायाबद्दल बोलणारी उपासना पहिल्यांदाच ठेवायची आहे. क्रम कसा असावा, वचनं कोणती घ्यावीत, आणि मंडळीत फूट न पडता हे पार कसं पाडावं?

क्रमाकडे नंतर येऊ. पहिलं काम कमिटीच्या बैठकीत आहे, आणि ते उपासनेच्या चार आठवडे आधी व्हायला हवं. चर्चसाठी राबणाऱ्या प्रत्येक माणसाचा हिशोब काढा. चर्च झाडणारी बाई, चौकीदार, वसतिगृहातली स्वयंपाकीण, शाळेतले कंत्राटी शिक्षक, दवाखान्यातली आया, कबर खोदणारे, मागच्या नाताळात भिंतींना रंग देऊन गेलेला पेंटर. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा : ठरलेली रक्कम, शेवटचे पैसे कोणत्या तारखेला दिले, बाकी किती. बहुतेक ठिकाणी कुणी पैसे बुडवायला बसलेलं नसतं. "सेवा म्हणून करते" असं म्हणत वर्षानुवर्षं तीच रक्कम चालू राहते, दुखणं तिथे असतं. झाडणाऱ्या बाईचे पैसे शेवटचे कधी वाढवले हे बैठकीत कुणालाच आठवत नसेल, तर उत्तर मिळालंच. किमान वेतनाचा चालू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्या. जुना कागद चालत नाही, कारण महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता असतो आणि तो दर सहा महिन्यांनी बदलतो. जी बाकी निघेल ती उपासनेच्या आधीच्या शनिवारपर्यंत चुकती करा. पेटीत तेवढे पैसे नसतील तर हप्ते ठरवा आणि तसं त्या माणसाला लिहून द्या. हे झाल्याशिवाय याकोब ५:४ वाचू नये. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं तिथे लिहिलं आहे, आणि ऐकणाऱ्यांत ती झाडणारी बाई शेवटच्या रांगेत बसलेली असते.

आता दिवस आणि वेळ. १ मेला सरकारी सुटी असते, पण ती रोजंदाराची नसते. दिवसाची मजुरी बुडवून कुणी सन्मान घ्यायला येणार नाही, आणि आपण तसं मागूही नये. म्हणून रविवारच बरा. पण रविवारीही मजूर मोकळाच असतो असं धरू नका. रविवारची सुटी मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० मध्ये मिळवून दिली. आपल्या खेड्यात शेतमजुराची सुटी अजून आठवडी बाजाराच्या दिवशी असते, आणि आठवड्याचे पैसेही त्याच दिवशी हातात येतात. तुमच्या गावचा बाजार रविवारी भरत असेल तर उपासना साडेआठच्या आत संपायलाच हवी, नाहीतर बाया मध्येच उठतील. बाजार दुसऱ्या दिवशी असेल तर आधी चौकशी करा की रविवारी कोण कोण कामावर जातं. मे महिन्यात वावरात काम तसं कमी. लोक रोजगार हमीच्या कामावर, वीटभट्टीवर, घरबांधणीवर असतात, काही बाहेरगावी गेलेले असतात. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तर मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात, दुपारी पुडे बांधणं, संध्याकाळी ते जमा करणं. तिकडच्या मंडळीनं ही उपासना तोडणी संपल्यावर ठेवावी. १ मेचा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही. गुढीपाडव्याच्या आसपासचा रविवारही फार योग्य असतो, कारण सालगड्यांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, वर्ष तेव्हाच बदलतं आणि उचल किती, साल किती हे सगळं त्याच आठवड्यात ठरतं.

मेमध्येच ठेवणार असाल तर सकाळी सातला सुरू करून सव्वाआठला संपवा. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. टिनाच्या छताखाली साडेनऊनंतर कुणाचं लक्ष वचनाकडे राहत नाही.

कॅथलिक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण ठरवला. त्याचं शुभवर्तमान मत्तय १३:५४-५८ आहे, जिथे लोक येशूला सुताराचा मुलगा म्हणून हिणवतात. पण तो दिवस पास्काकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत, येतो, म्हणून मिस्सा रविवारी घेतली तर वाचनं त्या रविवारचीच राहतात. तिथे प्रवचन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना आणि अर्पण एवढ्या जागा हातात असतात, आणि त्या पुरेशा आहेत.

आखणी करायला पाच माणसं घ्या. त्यांतली किमान तीन हातावर पोट असणारी असावीत, आणि त्या तिघांत दोन बाया. बैठक त्यांच्या घरी किंवा चर्चच्या ओट्यावर, रात्री आठनंतर, जेवणं आटोपल्यावर. दुपारी चारला बैठक ठेवली की शिक्षक येतात, मजूर येत नाहीत, आणि मग मजुरांसाठीची उपासना शिक्षकच आखतात. क्रम छापण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. वाचता न येणाऱ्या माणसाला प्रतिसाद पाठ होतो का, ते तिथेच कळतं. प्रतिसाद एकच ठेवा, सहा-सात शब्दांचा, सगळ्या उपासनेत तोच. स्तोत्र ९०च्या शेवटच्या ओळीवरून घ्यायचा तर असा : "प्रभू, आमच्या हातांच्या कामाला टिकाव दे."

वचनांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चूक बहुधा इथेच होते. एका उपासनेत दोन वाचनं आणि एक स्तोत्र, याहून जास्त नको. जुन्या करारातलं अनुवाद २४:१४-१५ घ्या : गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर टेकलेला असतो. त्याच्या जोडीला मत्तय २०:१-१६, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला. हा दाखला आपल्याकडे फार वेळा उलटा सांगितला जातो. "मालकाची मर्जी, त्यानं काय द्यावं ते तो ठरवेल, कुरकुर करू नका" एवढंच मजुराच्या पदरात पडतं. नीट वाचा. मालक सकाळी जातो, तिसऱ्या ताशी जातो, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या ताशीही जातो. अकरावा तास म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. तेव्हाही माणसं चौकात उभीच आहेत. तो विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ती म्हणतात, आम्हांला कुणी कामावर लावलं नाही. तालुक्याच्या चौकात सकाळी डबा घेऊन उभ्या राहणाऱ्या मजुरांपैकी शेवटपर्यंत कोण उरतं ते तुमच्या लोकांना ठाऊक आहे : म्हातारा, अधू, लेकरू कडेवर असलेली बाई. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, घरची चूल पेटण्यापुरती. मालक शेवटच्यालाही तेवढी देतो, कारण त्याच्या घरीही तेवढीच माणसं जेवायची आहेत. आणि तो देतो संध्याकाळी, त्याच दिवशी, अनुवादातल्या आज्ञेप्रमाणे. संदेशाला एवढा धागा पुरे. पंधरा मिनिटं.

गाव वीटभट्ट्यांजवळ असेल तर निर्गम ५ घ्या. फारो पेंढा देणं बंद करतो, पण विटांचा आकडा तोच ठेवतो. हजार विटांमागे पैसे घेणारा माणूस हे एका वाक्यात समजतो. कर्जानं पिचलेली मंडळी असेल तर नहेम्या ५ : वावरं गहाण, धान्यासाठी कर्ज, पोरं दुसऱ्याच्या दारी. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, गावात आमोस ८:४-६, खोट्या तराजूबद्दल. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे वजनकाट्याचं वचन बायांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन वचनांना जपून हात लावा. "काम करायचं नसेल त्यानं खाऊही नये" हे २ थेस्सलनीका ३:१० मधलं वाक्य बेकारांवर फेकलं जातं. पौल तिथे काम असून ते न करणाऱ्यांना बोलतो आहे. काम शोधून न मिळालेल्यांचा तिथे विषयच नाही. दुसरं कलस्सै ३:२२, दासांनी धन्याचं ऐकावं हे. ते वाचलंत तर ४:१ पर्यंत वाचाच. तिथे धन्यांना न्यायानं आणि समतेनं वागायला सांगितलं आहे, आणि त्यांच्याही डोक्यावर स्वर्गात धनी आहे अशी आठवण दिली आहे.

आता क्रम, मिनिटांसकट. गीतं १०, पाचारण ३, पापांगिकार आणि क्षमेची घोषणा ७, वाचनं ८, संदेश १५, कामकऱ्यांचं बोलणं १२, मध्यस्थीची प्रार्थना ८, अर्पण ५, आशीर्वाद ३. एकूण ७१ मिनिटं. प्रभुभोजन असेल तर आणखी पंधरा धरा, आणि गीतांतली पाच मिनिटं कमी करा. संदेशातून वेळ काढता येतो, बोलणाऱ्या बायांच्या वेळेतून काढू नका. उशीर झाला की पहिली कात्री त्यांच्यावरच चालते.

पापांगिकारात सगळ्यांना जागा हवी. फक्त कास्तकारांनी वाकायचं आणि मजुरांनी बघायचं, असं झालं तर तो पापांगिकार राहत नाही. नमुना देतो, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या :

"हे देवा, तू मातीत हात घालून आम्हांला घडवलंस.
बाई दिवसभर निंदत होती, आणि संध्याकाळी आम्ही म्हणालो, पुढच्या बाजाराला पाहू.
कापूस मोजताना आमचं बोट काट्यावर राहिलं.
बाईला कमी आणि माणसाला जास्त, हे आम्ही रीत म्हणून चालू ठेवलं.
ज्याच्या हातचं अन्न खाल्लं, त्याला दारातच पाणी दिलं.
आम्ही मजूर असूनही सोबतिणीची हजेरी मुकादमाला खोटी सांगितली.
मजुरीचे पैसे घरी पोचण्याआधी गुत्त्यावर संपवले.
आम्हांला क्षमा कर, आणि उद्याचा हिशोब खरा करायला बळ दे."

प्रत्येक ओळीनंतर थांबा. घाईत वाचलं तर काहीच उरत नाही.

गीतांसाठी ढोलक, टाळ आणि असेल तर पेटी. नवीन चाली त्या दिवशी शिकवत बसू नका. मंडळीच्या पुस्तकातली सगळ्यांना येणारी तीन गीतं घ्या. मात्र महिला संघाला एक काम द्या : कामावरच्या दोन-तीन ओव्या स्वतः रचून आणायच्या. ओवी आपल्या बायांच्या तोंडात आहे, पुस्तक लागत नाही. साधारण अशी :

"वेचता वेचता बोंड, बोटं फाटली काट्यानं,
देवा, मोज माझी ओटी, तुझ्या खऱ्याच काट्यानं."

ती संदेशाच्या आधी, बसल्या जागेवरून, माईकशिवाय म्हणू द्या.

कामकऱ्यांचं बोलणं हा या उपासनेचा गाभा आहे, आणि सगळ्यात जास्त जोखीमही इथेच आहे. तिघं बोलतील, प्रत्येकी चार मिनिटं. नुसतं "साक्ष द्या" म्हटलं की लोक आजारातून बरं झाल्याचं सांगतात, ते चांगलंच आहे पण आजचा विषय तो नाही. म्हणून प्रश्न आधी द्या : तुमचा कामाचा दिवस किती वाजता सुरू होतो आणि कधी संपतो? कामात अंगाला काय सोसावं लागतं? मंडळीनं तुमच्यासाठी कोणती प्रार्थना करावी? एवढेच तीन. आता धोका. बाईनं भर उपासनेत सांगितलं की अमक्याकडे इतके रुपये अडकले, तर सोमवारी तिला त्या वावरात बोलावणं येणार नाही, आणि तो अमका बहुधा पुढच्या रांगेतल्या कुणाचा तरी भाऊबंद असतो. म्हणून आधीच ठरवा : मालकाचं नाव नाही, वावराचं नाव नाही, रक्कम नाही. ज्यांना बोलायचं आहे पण भीती वाटते त्यांच्या गोष्टी तोंडी ऐकून घ्या, ओळख पुसून लिहा, आणि सिस्टर किंवा बाहेरगावचा पाळक त्या वाचेल. रेकॉर्डिंग आणि फोटो या बारा मिनिटांत पूर्ण बंद. व्हॉट्सॲपवर गेलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत मालकाच्या मोबाइलमध्ये असतो. ज्या घरात कर्जापायी जीव गेला आहे त्या घरच्या बाईला, तिनं स्वतः मागितल्याशिवाय, उभं करू नका.

अवजारं वेदीसमोर ठेवण्याची पद्धत चांगली आहे. खुरपं, विळा, डवऱ्याची पास, फावडं, घमेलं, थापी आणि ओळंबा, शिलाईची कात्री, अंगणवाडीचं रजिस्टर, सिस्टरचा बीपी मोजायचा पट्टा. ज्याचं त्यानं आणावं आणि ज्याचं त्यानं उचलून न्यावं, उपासना संपताच, कारण उद्या सकाळी ते लागणार आहे. धारेच्या वस्तूंना फडकं गुंडाळा, समोर संडे स्कूलची मुलं बसतात. फवारणीचा पंप आणू नका. कितीही धुतला तरी टाकीत आणि नळीत औषध राहतं, आणि लेकरं हात लावतात. त्याऐवजी हातमोजे, चष्मा आणि मास्क ठेवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दिवसांची आठवण अजून ताजी असलेली घरं तुमच्या भागात असतील.

झाडूबद्दल वेगळं सांगायला हवं. सफाईचं काम करणाऱ्या माणसाला "तुम्ही झाडू घेऊन या" असं कुणी परस्पर सांगू नये. काहींना त्यात मान वाटतो. काहींच्या घराण्यावर तो झाडू जातीनं लादलेला असतो, आणि निदान देवाच्या घरात तरी तो हातातून सुटावा म्हणून ते इथे येतात. आधी एकट्यात विचारा. नको म्हणाले तर विषय तिथेच संपला. तसंही चर्चचा स्वतःचा झाडू ठेवता येतो, आणि तो पंचांपैकी, म्हणजे चर्चच्या कमिटीतल्यांपैकी, कुणी घेऊन यावं.

प्रभुभोजन असेल तर भाकर घ्यावी का, हे बरेच जण विचारतात. ज्वारीच्या भाकरीचा भाव उत्तम, पण ती सुटते. कण खाली सांडतात, आणि प्याल्यात बुडवून द्यायची पद्धत असेल तर तळाशी लगदा होतो. घ्यायचीच असेल तर त्याच सकाळी केलेली, थोडी कणीक मिसळलेली घ्या, तुकडे हातानं मोडा, आणि तुमच्या डायसिसची, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताची, परवानगी आहे का ते बघा. कॅथलिक मिस्सेत हा प्रश्न येत नाही, तिथे फक्त गव्हाची बेखमीर भाकरच चालते. द्राक्षरस घरी करायचा तर अर्धा किलो काळ्या मनुका दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळून कुस्करा आणि दुहेरी फडक्यातून गाळा. साधारण लिटरभर रस निघतो, तो ऐंशी छोट्या कपांना पुरतो. उन्हाळ्यात तो चार-सहा तासांतच आंबायला लागतो, म्हणून सातची उपासना असेल तर मनुका आदल्या सकाळी भिजवा, रस संध्याकाळी करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत "सर्व कामगारांसाठी" असं गोळाबेरीज म्हणू नका. नेमकी माणसं घ्या : पऱ्हाटी वेचणाऱ्या, सोयाबीन सोंगणारे, सालगडी, ओलिताला रात्री वावरात जाणारे ज्यांना सापाचं आणि विजेच्या तारेचं भय असतं, वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणीतले, जिनिंगच्या रुईच्या धुळीत खोकणारे, पुण्या-सुरतेला गेलेली पोरं, घरकाम करणाऱ्या, आशाताई, मोलमजुरी करत शिकणारी लेकरं, आणि काम न मिळालेले. कास्तकारासाठीही प्रार्थना करा, मनापासून. तीन-चार एकर कोरडवाहूवाला अनेकदा स्वतः बायकोसकट दुसऱ्याच्या वावरात जातो, आणि व्यापाऱ्याकडे त्याचे पैसे अडकले की मजुराचे पैसे त्याच्याकडे अडकतात. एकेका गटाचं नाव एकेक जण बसल्या जागेवरून घेईल, मग सगळ्यांचा प्रतिसाद.

अर्पणाच्या वेळी मजुरांना उभं करून शाल-श्रीफळ देऊ नका. साठ जणांना शाली द्यायच्या म्हणजे खर्च मोठा, मे महिन्यात ती शाल पेटीत जाते, आणि देणारे-घेणारे असे दोन कप्पे पडतात ते वेगळंच. त्या पैशांत हातमोजे, मास्क आणि गमबूट घेऊन मंडळीत ठेवा. ज्याला फवारणीला जायचं असेल त्यानं रजिस्टरवर लिहून न्यायचे आणि धुऊन परत द्यायचे. मास्क आणि हातमोजे झिजतात, हंगामाआधी तपासून बदलावे लागतात. त्या दिवसाचं दान आजारपणाच्या निधीत टाकायचं असेल तर खात्यावर दोन सह्या ठेवा, त्यांतली एक मजूर कुटुंबातल्या माणसाची.

बसण्याची व्यवस्था छोटी बाब वाटेल, पण बाया ती आत येताच वाचतात. पंच आणि शिक्षक खुर्च्यांवर, बाकी सतरंजीवर, असं असेल तर पुढचं सगळं बोलणं वाया गेलं. सगळे सतरंजीवर. खुर्च्या फक्त गुडघे दुखणाऱ्यांना, मग ते कुणीही असोत.

नंतर नाश्ता. १०० माणसांना पोहे ७ किलो, कांदे ३ किलो, तर्रीला हरभरे ३ किलो रात्री भिजवलेले, तेल २ लिटर, चहाला दूध ६ लिटर आणि साखर दीड किलो. पिण्याचं पाणी १५० लिटरच्या खाली नको. वीस लिटरचे आठ जार आदल्या रात्री आणून सावलीत ठेवा. एक नियम कडक पाळा : ज्या बाया एरवी मंडळीचं रांधतात त्या आज चुलीपाशी नसतील. त्यांच्यासाठी उपासना आणि त्याच मागे पोहे परततात, असं होऊ देऊ नका. गावातला आचारी लावा, आणि त्याचे पैसे पातेली घासून होताच हातात द्या. आचारी परवडत नसेल तर तरुण संघाची मुलं आणि पंच करतील.

नाश्त्याच्या वेळी एक टेबल नोंदणीचं असावं. ई-श्रम कार्ड असंघटित कामगारांसाठी आहे, वय १६ ते ५९. त्याला आधार, बँक पासबुक आणि आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. अडतं ते नेहमी दोन ठिकाणी. मोबाइल नंबर बदललेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. आणि निंदण-वेचणी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे यंत्र अंगठा घेत नाही. म्हणून आधीच्या रविवारी सूचनेत सांगा की ज्यांचा नंबर जुना आहे त्यांनी आठवड्यात आधार केंद्रावर जाऊन यावं. कार्ड काढून देतो म्हणून पैसे घेणारे दलाल गावात फिरतात, त्यांच्याबद्दलही त्याच सूचनेत सावध करा. सगळे अर्ज त्या दिवशी पूर्ण होणार नाहीत. याद्या करा, आणि कोण कुणाला घेऊन तालुक्याला जाईल ते नावानिशी लिहा.

सोबत काम करणाऱ्या इतर धर्मांच्या बायांनाही बोलवावंसं वाटेल. जरूर बोलवा, पण ही प्रार्थनासभा आहे हे स्पष्ट सांगून. वस्तू वाटू नका, प्रभुभोजनाच्या वेळी कुणाला अवघडल्यासारखं होऊ देऊ नका, नाश्ता सगळ्यांना सारखा. मंडप बाहेर घालणार असाल तर पोलीस ठाण्याकडून लाउडस्पीकरची परवानगी आणि सरपंच व पोलीस पाटलांना आधी कल्पना. पुढाऱ्याला व्यासपीठ देऊ नका, कुठल्याही पक्षाचा असो. तो भाविक म्हणून आला तर सतरंजीवर जागा आहे.

राहिला फुटीचा प्रश्न. मंडळीतल्या कास्तकारांना ही उपासना रविवारी पहिल्यांदा कळता कामा नये. दोन आठवडे आधी त्यांच्यासोबत वेगळं बसा आणि नहेम्या ५ वाचा. तिथे नहेम्या सावकारी करणाऱ्यांना नुसता दरडावत नाही. आपण आणि आपल्या भाऊबंदांनीही कर्ज दिलं आहे हे तो आधी सांगतो, मग सगळ्यांकडून वचन घेतो. तशाच तीन गोष्टींवर बोलणी करा : मजुरी त्याच संध्याकाळी, किंवा ठरलेल्या बाजाराच्या दिवशी, न चुकता. त्याच कामाला बाई-माणसाला सारखा दर. देशात १९७६ पासून कायदा हेच सांगतो. आणि फवारणीला हातमोजे-मास्कशिवाय कुणाला पाठवायचं नाही, वाऱ्याच्या उलट दिशेनं तर नाहीच. जो तयार होईल त्याच्याकडून तिथेच शब्द घ्या. सह्यांचा कागद उपासनेत फिरवू नका, नाहीतर कुणी सही केली नाही याचीच चर्चा महिनाभर चालेल. पहिल्या वर्षी तीन घरं तयार झाली तरी चालतं. पुढच्या हंगामात बाया त्याच तीन वावरांत आधी जातील, आणि बाकीच्यांना ते दिसेल.

त्यानंतरच्या रविवारी सूचनांमध्ये चार गोष्टी वाचा : दान किती जमलं आणि कुठल्या खात्यात गेलं, नोंदणीच्या किती अर्जांचं काम झालं आणि किती अडले, चर्चच्या कामकऱ्यांपैकी कुणाची बाकी अजून राहिली आहे का, आणि ती कोणत्या तारखेला दिली जाईल. तारीख नुसती सांगू नका, कमिटीच्या वहीतही लिहा.